एक लाख ऐंशी हजार फेरे

३ तारीख, सोमवार

कान तपासले! एकतीस वर्षं पुठ्ठ्याच्या कारखान्यात पंखे ऐकतोय मी — पेचकसाचं टोक बेअरिंगवर, मूठ कानाला, की निदान तयार — आणि आता पंचावन्न झाली म्हणून माझीच तपासणी. डॉक्टरीणबाईंनी बंद खोक्यात बसवलं, हेडफोन घातले. "आवाज आला की बटण दाबा." बराच वेळ काही आलंच नाही. म्हटलं, बाई, तुमचं यंत्र बिघडलंय.

कागदावर लिहिलंय — दोन्ही कान, तीन किलोहर्ट्झच्या वर ऐकू येत नाही. शुक्रवारी कागद मॅनेजरसाहेबांना द्यायचा. नापास ठरलो तर स्टोअरमध्ये बदली. नटबोल्ट मोजत बसा! मेलो तरी जाणार नाही.

४ तारीख, मंगळवार

किलोवर अडलो. आवाज काय तागडीत घालतात? बायको म्हणाली, "अहो, किलो म्हणजे हजार. हर्ट्झ म्हणजे सेकंदाला कितीदा. आणि ओरडू नका, मी इथेच आहे."

बसलो मग गणिताला. सेकंदाला तीन हजार. आपले फेरे मिनिटाला, म्हणून गुणिले साठ. एक लाख ऐंशी हजार!!

आमचा सगळ्यात पळणारा पंखा मिनिटाला दोन हजार नऊशे फेरे घेतो. भागिले साठ — अठ्ठेचाळीस हर्ट्झ नि वर थोडं. मग भ्यायचं कशाला? एक लाख ऐंशी हजार फेऱ्यांचं यंत्र अख्ख्या कारखान्यात नाही. जे मुळात नाहीच, ते ऐकू आलं नाही म्हणून माणूस बहिरा होतो का! आज झोप लागणार.

५ तारीख, बुधवार

हिशेब सुवाच्य अक्षरात उतरवला. साहेबांच्या आधी मीटरबाईला दाखवला — दोन वर्षांपूर्वी लागलेली पोर, गळ्यात कंप मोजायचं मीटर, बोलणं सगळं हर्ट्झमध्ये. वाचता वाचता हसू दाबत होती. "काका, गुणाकार बरोबर आहे."

"मग?"

"तीन नंबरच्या पंख्यात काहीतरी किंचाळतंय. मीटरवर दिसतंय."

पेचकस लावला. लोण्यासारखा चाललाय! ती म्हणे, उघडू या. म्हटलं, उघड. काही निघालं तर हा पेचकस तुझा!

६ तारीख, गुरुवार

निघालं.

बेअरिंगची कडी तडकलेली. अजून आठवडाभर चालला असता तर पंखा भिंत फोडून बाहेर. सगळे माना खाली घालून उभे. कोणी हसलं असतं तर बरं वाटलं असतं.

चहाच्या वेळी मीटरबाईने समजावलं. घंटेवर सेकंदाला एक टोला मारा — टोला एक हर्ट्झच. पण घंटा स्वतः सेकंदाला हजारदा थरथरते, आणि आपण ऐकतो ते थरथरणं. तसंच इथे. पंखा फिरतो अठ्ठेचाळीसने, तडकलेली कडी रडते चार-पाच हजारने. म्हणजे फेरे मी बरोबर मोजले, पण प्रश्न फेऱ्यांचा नव्हताच! हात्तिच्या!

पेचकस दिला. नको म्हणाली. खिशात कोंबला तिच्या. घरी येऊन बायकोशी उगाच भांडलो. फार वाईट वाटतंय.

७ तारीख, शुक्रवार

कागद दिला. डॉक्टरचा — माझा नाही. साहेब म्हणाले, "स्टोअरचं मागून बघू. आधी सगळ्यांचेच कान तपासून घेतो." बायको म्हणते, जा की स्टोअरमध्ये, नटबोल्ट तुमच्याशी वाद तरी घालणार नाहीत.

१२ तारीख, बुधवार

सगळ्यांचे कागद आले. मीटरबाईच्या कानात चार किलोहर्ट्झपाशी खड्डा — म्हणजे तिथलं ऐकणं कमी झालंय, कारखान्याच्या गोंगाटाने. सव्वीस वर्षांची पोर, दोन वर्षांत! कान झाकून घे गं, असं मी एकदाही म्हटलं नाही — झाकणाऱ्यांची टिंगल मात्र रोज केली. साहेबांना सांगून आलो, स्टोअर नको, दार द्या. उद्यापासून कान झाकल्याशिवाय एक माणूस आत सोडणार नाही.