लग्नाच्या गाण्यांची तबकडी

माय,

परवा दुसरबीडला एका हळदीला गेले होते. डीजेच्या पेट्यांवर तू गात होतीस. नवरीच्या मैत्रिणींना सगळं तोंडपाठ, पण गातंय कोण ते एकीलाही माहीत नव्हतं. मी नवरीच्या आजीला हळूच सांगितलं, ही माझी माय. तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "माह्या लग्नातबी हेच वाजलं होतं."

बाबांचा बँड अमडापूरचा. काकाने विजेवरची गिटार आणली तेव्हापासून पोरं वरात निघायच्या आधीच गोळा व्हायची. मुंबईच्या एका कंपनीला हळदीपासून पाठवणीपर्यंतची गाणी एकाच मोठ्या तबकडीत हवी होती. गाणी तुझी, भाकरी थापताना म्हणायचीस ती. बाबांनी त्यांना क्लॅरिनेट जोडली, काकाने गिटार. गाणारा मात्र पुरुष ठरला होता. त्याला शब्द सांगायला तू मुंबईला आलीस, तुझ्या सोबतीला मी. आणि ऐन रेकॉर्डिंगच्या सकाळी त्याचा घसा बसला.

ती खोली अजून दिसते. भिंतींना जाड कापड, ढोल फार घुमतो म्हणून ढोलवाला दाराबाहेर बसवलेला. बाबा म्हणतात, "आता तूच म्हन." तू पदर ओढून घेतेस. "मी काऊन म्हनू? पोरीचं सुलतानपूरले जमून राह्यलं. बाई बँडवर गायली म्हनून पाव्हणे मोडतीन." बाबा क्लॅरिनेट पुसायला लागतात. काका तारा पिळत बसतो. मग तू माझ्याकडे वळतेस. "तुले काय वाटते?" माझ्या लग्नाबद्दल घरात मला कोणी काही विचारलं ते तेव्हाच. मी म्हणाले, "मोडलं त मोडू दे. तू म्हन." तू मला समोर स्टुलावर बसवलंस, "हासू नको वं" असं बजावलंस. पहिल्यांदा गिटार पुढे पळाली, मग तूच शब्द विसरलीस. त्यानंतर मात्र काचेपलीकडचा माणूस बटणांवरचा हात काढून नुसता ऐकत राहिला.

तबकडी बाजारात आली आणि तुझं जेवण कमी झालं. सुलतानपूरचे पाव्हणे आले तेव्हा आपण दोघी चुलीपाशी होतो. बाहेर माझे होणारे सासरे बाबांना विचारत होते, "ते गानारी बाई तुमच्याच घरची हाय म्हन्तेत, खरं हाय का?" बाबांनी हो म्हटलं. तुझ्या हातातलं उलथनं तसंच राहिलं. सासरे म्हणाले, "मंग मांडवात तबकडी काऊन लावाची? त्याईलेच गायले सांगा." तू भिंतीला टेकून खाली बसलीस आणि तोंडावर पदर धरून हसत राहिलीस. तुला तसं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

तबकडीमागून कॅसेट आली, आता गाणी फोनात आहेत. तरी शेवटच्या आजारपणात तुझं एकच, "लोकं काही म्हनत त नाही न वं?" तेव्हा मी नुसती मान हलवायचे, कारण मलाही पक्कं ठाऊक नव्हतं. आता आहे. कोणी काही म्हणत नाही, माय. तुझंच म्हणतात, तुझ्याच चालीत.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून सांगून टाकते. लग्नात बाया मला गा म्हणतात, तेव्हा मी म्हणते, मला येत नाही. येतं. घरी कोणी नसलं की म्हणते, आणि तुझ्यापेक्षा थोडी वरची पट्टी धरते.