गंगाबाईची थाळी

नागपूर, डिसेंबर १९७४, सोमवार संध्याकाळ

ती थाळी अजून कानात वाजते आहे.

खापरखेड्याजवळच्या वस्तीत आमदार म्हणून केलेली कामं सांगायला गेलो होतो. रुळावरच्या फाटकाला मंजुरी मिळाली, हे मोठ्या ऐटीत सांगत होतो. तेवढ्यात पुढे बसलेली म्हातारी गंगाबाई उठली.

"थांबा जी भाऊ, गाडी येऊन राहिली."

पोचे पडलेली पितळी थाळी घेऊन ती रुळाशी गेली अन् बडवू लागली. पोरं जागीच थांबली, सायकलवाले उतरले. नातू गाडीखाली गेल्यापासून दिवसाची एकही गाडी तिनं चुकवली नाही म्हणे. सात वर्षं! आणि मी कसली ऐट दाखवत होतो?

कोळशाचे डबे गेले. थाळी पदरानं पुसत ती परत येऊन बसली.

"हं, बोला जी आता."