वाकवलेलं बोट

माय, मांडवाखाली बसून तुला लिहितेय. मांडव तुझाच, आता तुझा धाकटा त्यावर दोडकी चढवतो. या दिवसांत वेलांना पहिली कोवळी फळं धरतात आणि मला तुझा आवाज येतो. मी लहान आहे, पानाआड इवलासा भोपळा दिसला म्हणून बोट दाखवतेय, आणि तू डोक्यावरची पाटी खाली ठेवून माझं बोटच धरतेस. "सरळ बोट काऊन दाखवून राह्यली वं? सडन ना ते! वाकव." बोट वाकवून दाखवलं की फळ टिकतं, हा तुझा कायदा. तोच तू मांडवातल्या बुलबुलाच्या घरट्यालाही लावलास. "त्यालेही नजर लागते काय?" मी विचारलं होतं. "नजर नाई वं. दाखवलं का सारे पाहाले येतेत." एवढं बोलून तू दोडकी तोडायला लागलीस. बीबी गावच्या बाजाराला उशीर होत होता.

आणि मी पोटापाण्याला काय धरलं? दर रविवारी पेपरात रानातलं लिहिते. म्हणजे सगळ्यांना सरळ बोट दाखवायचं. मजकूर गुरुवारी संध्याकाळपर्यंत जायला हवा, आणि आजवर तो कधी चुकला नाही. आज गुरुवार आहे. सकाळीच संपादकांचा फोन येऊन गेला. "मॅडम, वसंताचं काय पाठवताय? नुसती पाखरं किती दिवस? जरा दातवालं काहीतरी येऊ द्या!" स्वतःच्याच बोलण्यावर ते खूप वेळ हसले. मीही हसले. पाखरं खरंच भरपूर आहेत, माय. सुलतानपूरच्या रस्त्याला पळस फुललेत, गुलाबी मैना थव्याने येऊन त्यांतला रस पितात आणि कपाळाला पिवळं माखून उडतात. तांबट दुपारभर ठोकत असतो. यावर रकाना सहज भरेल.

पण दातवालंही मी पाहिलंय. मागच्या आठवड्यात उजाडताना चंडोल ऐकायला माळावर गेले होते. खालच्या घळीतून एक लांडगीण वर आली. अंगाने वाळलेली, उन्हात कान हलवत उभी. मागून काळपट पिल्लं बाहेर आली, फुगीर पोटांची, एकमेकांच्या अंगावर पडणारी. ती तिच्या तोंडाला तोंड लावून खायला मागत होती. तिने मला पाहिलं. मी हलले नाही, तीही हलली नाही. मग मी उठून दुसऱ्याच वाटेने घरी आले आणि कुणालाही काही बोलले नाही.

काल सकाळी धाकट्याचं करडू गेलं. माळाच्या कडेला रक्त आणि ओढत नेल्याची खूण. तो अंगणात आला तेव्हा त्याच्या हातात नुसती दोरी होती.

"ताई, पांढरं करडू नेलं. तुह्या मागं मागं फिरे ते."

ते माझ्याच हातची पानं खायचं.

"तू तं रोज रानात हिंडतं, पेपरात चिमण्यापाखराचं लिहितं. लांडग्याचं घर तुले नसन मालूम तं कोणाले असन? पोरं तयार हायेत. मिरच्याचा धूर करतो, बाहीर आलं का लाठ्या हायेतच."

"पिल्लं असतील रे," माझ्या तोंडून निघून गेलं.

तो थांबला. "म्हंजे पाह्यलं तू." मग आवाज खाली आणून म्हणाला, "ताई, करडूही पिल्लूच होतं ना वं. सांग, कोण्या अंगाले?"

त्याचं काय चुकलं, माय? मी त्याच्या घरात राहते, त्याच्या चुलीवरचं खाते. उद्या दुसरं करडू जाईल, तेही त्याचंच. आणि घळीतली ती आता पिल्लांपुढे काय ओकत असेल, हे मला माहीत आहे. मी हात वर केला आणि जानेफळच्या बाजूला, जिथे कोरड्या ओढ्याशिवाय काही नाही, तिकडे बोट दाखवलं. सरळ, पूर्ण ताठ.

पोरं संध्याकाळी तिकडून रिकाम्या हातांनी परतली. जेवताना धाकट्याने स्वतःच्या ताटातली भाकरी मोडून माझ्या ताटात ठेवली, तू ठेवायचीस तशी. त्याला कळलंय की नाही, हे मला कळत नाही. घळीकडे आता मी जाऊ शकत नाही, माझा माग काढतील. इथून उठून कुठे जाऊही शकत नाही. उद्या तो पुन्हा विचारेल, आणि मग मी काय करीन, हे मला आज सांगता येत नाही.

संपादकांना मैनांचा मजकूर पाठवला. हे तुला पाठवायला तर पत्ताच नाही.

एक मात्र सांगते. आत्ता दोडकी तोडताना मांडवात मी एकटीच होते. मी हळूच बोट वाकवलं आणि एकदा घळीकडे दाखवलं. तुला.