हात्सुए-सान म्हणाल्या, फोन कर

क्योतो, रविवार

ती. बाबा,

ज्यांच्याकडे काम करायला मी कंपनीतली नोकरी सोडली, त्या हात्सुए-सान आता शहाऐंशीच्या आहेत. तरुणपणी त्या अंगाला शाई फासून भररस्त्यात कागदावर लोळायच्या आणि त्यालाच चित्र म्हणायच्या. वडिलांनी त्यांना घराबाहेर काढलं. त्यावर त्यांनी कादंबरी लिहिली, पण ती छापून आली तेव्हा वडील उरले नव्हते.

काल त्यांच्या चित्रांच्या प्रदर्शनात त्या तीच कादंबरी वाचून दाखवत होत्या. वडिलांबद्दलच्या पानाशी येताच त्यांनी पुस्तक माझ्या हातात दिलं. पुढचं मी अडखळत वाचलं.

नंतर चहा पिताना त्यांनी विचारलं, "केतकी-सान, तुझे वडील?"

"पुण्यात असतात. मी नोकरी सोडल्यापासून, दोन वर्षं, माझ्याशी बोलत नाहीत."

"पण आहेत ना? मग फोन कर."

स्टेशनवर येऊन मी फोन लावला. तुम्ही "हॅलो, कोण?" म्हणालात आणि माझ्या तोंडून शब्दच निघेना. तुम्हीही फोन ठेवला नाहीत. मग हळूच विचारलंत, "जेवलीस का?"

मला रडू आवरेना, म्हणून मीच फोन ठेवला. तुमच्या प्रश्नाचं उत्तर कागदावर द्यायचं नाही, म्हणून हे पत्र पाठवत नाहीये. आज पुन्हा फोन करते. उचला, बाबा.

तुमची,
केतकी