बारा सेकंदांचा व्हिडिओ

९ मार्च, सोमवार

आज पुन्हा काळा चौकोन! हॉलमध्ये वीस नवे कामगार बसलेले, आगीपासून बचावाचा व्हिडिओ दाखवायचा, आणि पडद्यावर नुसता काळा चौकोन. साहेब सगळ्यांदेखत म्हणाले, आमच्या ट्रेनिंग विभागाला साधा व्हिडिओ चालवता येत नाही. ट्रेनिंग विभाग म्हणजे कोण? मी. एकटी. एक टेबल, एक कॉम्प्युटर, एक कपाट.

अहो, चालेल कसा? पेनड्राइव्हवर तुम्ही फक्त स्लाइडची फाइल आणलीत. व्हिडिओ तुमच्या केबिनमधल्या कॉम्प्युटरवरच राहिला. स्लाइडमध्ये त्याचा नुसता पत्ता आहे! पत्ता घेऊन आलात, माणूस घरी. हे मी तीनदा समजावलंय. मान डोलावतात, पुढच्या वेळी तेच.

मी त्यांचं नाव भिंगरी ठेवलंय. आमचे सेफ्टी ऑफिसर, पन्नाशी उलटलेली, पण स्लाइडवरची प्रत्येक ओळ गरगरत यायला हवी. ‘सुरक्षा प्रथम’मधली ‘सुरक्षा’ फिरत येते आणि ‘प्रथम’ तिच्यानंतर उड्या मारत पोचतं. बघणाऱ्याला चक्कर येऊन अपघात व्हायचा एखादा.

१० मार्च, मंगळवार

आजपासून त्यांचे सगळे व्हिडिओ स्लाइडच्या आतच घालून देते. चालले. आभार? नाव काढू नका.

मग दार लोटून घेतलं आणि म्हणाले, वीस तारखेला चौकशी समिती आहे, त्या अपघाताचा कॅमेऱ्यातला व्हिडिओ घालायचाय, पण लांब आहे, मागचं-पुढचं कसं कापायचं ते दाखवा. दाखवलं. हिरवी खूण इथे ओढा, लाल तिथे, मधलं तेवढं राहतं. म्हणाले, बाकीचं मी करतो, तुम्ही बहीण आहात, मनाला लावून घ्याल.

केवढी काळजी!

१२ मार्च, गुरुवार

लिहूनच टाकते. तो अपघात माझ्या धाकट्या भावाचा. पत्रा दाबायच्या प्रेस मशीनवर, महिन्यापूर्वी. उजव्या हाताची दोन बोटं गेली. मशीनला हात आत जाऊ नये म्हणून जाळी असते. ती काढलेली होती. धाकटा म्हणतो, सुपरवायझरने काढली. सुपरवायझर म्हणतो, यानेच काढली. शेजारच्या मशीनवाल्यांनी काहीच पाहिलं नाही म्हणे.

आणि मला माहीत आहे ना हा कसा आहे! लहानपणापासून घाई. पायऱ्या कधी एकेक उतरला नाही. मी म्हटलं, चूक कबूल कर, माफी माग, नोकरी तरी राहील. आठ दिवस वाद घातला. आई मध्ये बसून रडायची. शेवटी कबुलीपत्र मीच टाइप केलं. ‘माझ्या निष्काळजीपणामुळे’ हे शब्द माझे. त्याने डाव्या हाताने सही केली, वेडीवाकडी. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. ताट वाढलं तर जेवतो, विचारलं तर मान हलवतो.

फुगून बसलाय! मी त्याच्या भल्याचंच केलं ना? सगळ्यांचं निस्तरायचं मीच, आणि तोंड वाकडं करून बघणार मलाच!

१४ मार्च, शनिवार

भिंगरीने कबुलीपत्राचा फोटो स्लाइडवर घातलाय. पान उलटल्यासारखा येतो. मागून टाळ्यांचा आवाज होता, तो मी काढून टाकला.

१६ मार्च, सोमवार

व्हिडिओ अडकतोय. सुरू होतो, थांबतो, पुन्हा झटका देऊन पुढे. भिंगरीचा पारा चढलेला. माझ्यासमोर फोनवर कोणाला तरी सांगत होते की प्रेझेंटेशन मी स्वतः बनवलंय, फक्त इथला स्टाफ... पुढचं मी ऐकलं नाही. ऐकलं असतं तर पेपरवेट फेकला असता.

आज दहा-बारा वेळा चालवून पाहिला. म्हणजे चालवला. पाहिला नाही. बारा सेकंदांचा आहे. मी खालच्या सेकंदांच्या आकड्यांकडे बघत राहते. अकरावर पोचला की डोळे टेबलावर.

फाइल हेड ऑफिसला मेलने जायची आहे, तीही जात नाही. फार जड. उद्या लहान करा, म्हणाले.

१७ मार्च, मंगळवार

नीट लिहिते.

सकाळी डोक्यात आलं, बारा सेकंदांच्या व्हिडिओला एवढं वजन कशाला? आगीचा व्हिडिओ सहा मिनिटांचा आहे, तो याच्या निम्मा भरतो. म्हणून कापायची खिडकी उघडली. हिरवी खूण आणि लाल खूण पार उजव्या टोकाला, एकमेकींना चिकटून. डावीकडे लांबलचक पट्टी.

कापलं म्हणजे गेलं, असं भिंगरीला वाटलं. जात नाही! पँट लांब झाली की आपण पट्टी आत दुमडून शिवतो, कापड तिथेच असतं. फाइल लहान करताना एक ताकीद येते, तिला होकार दिला तरच ते कायमचं जातं. ते करायला त्यांनी मलाच सांगितलं होतं.

हिरवी खूण डावीकडे ओढली. दोन मिनिटं दहा सेकंद. आवाज नाही. सुपरवायझर पाना घेऊन येतो. चार बोल्ट काढतो, जाळी भिंतीला टेकवतो. धाकटा हात वर करून नाही, नाही म्हणतोय. दोन पावलं मागे जातो. सुपरवायझर भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवतो. मग पांढरं हेल्मेट. भिंगरी! येतात, थांबतात, जाळीकडे बघतात, मशीनकडे बघतात आणि निघून जातात. धाकटा त्यांच्या पाठीकडे बघत राहतो. मग मशीनपाशी येतो.

पुढचे बारा सेकंद आज डोळे उघडे ठेवून पाहिले.

तळपायाची आग मस्तकात गेली. कापायला मी शिकवलं! कबुलीपत्र मी टाइप केलं! हलकटांनो, आम्हा दोघा भावंडांकडूनच सगळं करून घेतलंत.

१८ मार्च, बुधवार

व्हिडिओ पेनड्राइव्हवर घ्यायला गेले तर कळलं की पेनड्राइव्ह वापरायला भिंगरीची परवानगी लागते.

मी हे दाखवलं तर माझीही नोकरी जाईल. दोघंही घरी. आईचं औषधपाणी मी बघते, घर माझ्यावर चाललंय. नाही दाखवलं तर? कोणाला कळणार आहे? एक होकार द्यायचा, फाइल लहान. हा विचार मी केला. इथे खोटं लिहून उपयोग नाही.

संध्याकाळी धाकटा डाव्या हाताने शर्टाची बटणं लावत होता. तिसऱ्या बटणावर थांबला. मी स्वयंपाकघरात निघून गेले.

१९ मार्च, गुरुवार

भिंगरी दोनदा येऊन गेले. लहान केली का? म्हटलं, हो.

नाही केली! ताकीद आली, मी रद्द केलं. हिरवी खूण शून्यावर नेली. व्हिडिओ आपोआप सुरू होईल असं केलं. क्लिक करून पुढे जाता येणार नाही असंही केलं. स्लाइड संपेल ती व्हिडिओ संपल्यावर. अडकू नये म्हणून हॉलमधल्या कॉम्प्युटरवर उतरवून पाच वेळा चालवून पाहिला, दार आतून बंद करून. गरगरणारी सगळी अक्षरं काढून टाकली. हेड ऑफिसचा मेलचा पत्ता होताच, त्यांना लिहिलं की फाइल मोठी आहे, उद्या आलात की हॉलच्या कॉम्प्युटरवरून स्वतः उतरवून घ्या.

भीती वाटतेय. रागही येतोय. राग जास्त आहे म्हणून बरं.

२० मार्च, शुक्रवार, दुपारी

चालला. एकदाही अडकला नाही.

दहाव्या सेकंदाला भिंगरींनी क्लिक केलं. पुन्हा केलं. मग खटाखट बटण दाबत सुटले, शेवटी प्रोजेक्टरची वायर शोधायला वाकले. हेड ऑफिसच्या बाई म्हणाल्या, “राहू द्या. बघू द्या आम्हाला.” पांढरं हेल्मेट आलं तेव्हा खोलीत कोणी हललं नाही.

दिवे लागल्यावर बाईंनी विचारलं, हे प्रेझेंटेशन कोणी केलं? भिंगरींनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी म्हटलं, “हो. मीच.”

कबुलीपत्र रद्द करायचं ठरलं. सुपरवायझरला आणि भिंगरींना घरी पाठवलं. माझं काय, ते सोमवारी कळेल. होऊ दे काय व्हायचं ते!

त्याच दिवशी, संध्याकाळी

धाकट्याला सगळं सांगितलं. तुझं खरं होतं, म्हटलं. कितीतरी दिवसांनी त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. मग विचारलं, “ताई, तुला कधी कळलं?”

मंगळवारी, म्हटलं.

तो भिंतीवरच्या कॅलेंडरवर मंगळवारपासूनचे चौकोन बघत बसला.