फ्रीजच्या पोटातला माठ

मी, जीवन सटवाजी रोडगे, वय २३, राहणार वालूर, ता. सेलू, जि. परभणी, लिहून ठेवतो की माझं डोकं ठिकाणावर आहे. दमदाटी कुणाचीही नाही, एक थोरली बहीण राजेश्री सोडून. ती म्हणाली, "आधी मृत्युपत्र लिही, मंग ते भूत चालू कर."

भूत म्हणजे मी जोडलेलं यंत्र. फ्रीजचा कॉम्प्रेसर, तांब्याची नळी आणि गॅस, एवढ्यावर ते कॉम्प्युटरच्या प्रोसेसरला शून्याखाली तीस अंशांवर नेणार आहे. इतका गार झाला की तो किती जोरात पळतो, हे मला एकदा बघायचंय. गॅस पेट घेणाऱ्या जातीचा, म्हणून चाचणी उद्या अंगणात.

१. घर आईच्या, म्हणजे कमलबाईंच्या नावावर आहे. बरं आहे. माझं असतं तर त्याचेही नट खोलले असते.

२. गॅसचा दाब मोजायचं गेज आणि नळ्या जोडायची टॉर्च रंगनाथमामांना. हे पाथरीचे फ्रीज मिस्त्री. मी आयटीआय सात महिन्यांत सोडली, मग सेलूच्या जीपवर क्लीनर होतो (तिचा हॉर्न मीच बिघडवला, ते असो), मग यांच्याकडे टिकलो. ते म्हणाले होते, "जीवन्या, तुझं यंत्र माठाइतकं बी गार करणार न्हाई." हे शब्द त्यांनी चारचौघांत परत घ्यावेत, तरच टॉर्च द्यावी.

३. प्रोसेसर मित्र सिद्धोधनचा. उरेल तेवढा त्याला. सांध्यांना साबणाचा फेस लावून गळती शोधताना बुडबुडा मला नाही, त्याला दिसला. त्याबद्दल माफ. हसला त्याबद्दल नाही.

४. राजेश्रीला तिची व्हॅसलीनची डबी परत. रिकामी आहे. दव बसू नये म्हणून सगळं मदरबोर्डला फासलं.

५. कॉम्प्रेसर आईच्या फ्रीजमधला आहे. सोमवारी काढला. दिवा लागतो, गारवा नाही, म्हणून आत माठ ठेवलाय आणि त्यातनंच तिच्या बाटल्या भरतो. काल ती म्हणाली, "फ्रीज म्हातारा झाला रे. पाण्याला मातीचा वास यायलाय." मी म्हणालो, "गॅस कमी झाला असंल." हे कलम तिला मी मेल्यावरच वाचून दाखवावं. कॉम्प्रेसर यंत्रातच राहावा, ही शेवटची इच्छा.

पुरवणी: साक्षीला शेजारचे सितारामकाका आले, चष्मा घरी विसरून. "ऐकल्याबिगर सही न्हाई," म्हणाले. मी काही बोलायच्या आत आईनं कागद घेतला आणि मोठ्यानं वाचला. पाचव्या कलमावर थांबली. उठली, फ्रीजमधला माठ बाहेर आणून माझ्यापुढं ठेवला. मग माझ्याच पेनानं खाली लिहिलं:

"चाचणी उद्या कर. मी बी बघायला बसते. सांजच्याला कॉम्प्रेसर फ्रीजमधी पायजे. तवर मरायचं न्हाई."

हा बदल मला मान्य आहे.

सही: जीवन स. रोडगे
साक्षीदार: १) सिताराम (सही अंदाजानं केली) २) कमलबाई सटवाजी रोडगे
स्थळ: वालूर, माठाशेजारी
दिनांक: १४ मे २०२५