आधी लिहून पाहिलं

बाबा रतिलाल, तुला आईचे लाख आशीर्वाद.

अक्षरं वाकडी आहेत. महिला मंडळात तुझ्या बायकोनेच या वयात शिकवली. प्रमिला शिकवते छान, पण रागावते फार!

सरपंचाची जागा बायांसाठी राखीव झाली, तेव्हा तूच तिला उभी केलीस. सह्या ती करील, कारभार तू करशील, असं तुला वाटलं. मंडळाच्या बायांनी तिला शिकवलं, वाचल्याशिवाय सही करायची नाही.

पहिल्या सभेला थोरला दीर तोताराम समोर, म्हणून ती खुर्चीवर बसेना. मग मीच खाली जमिनीवर बसले आणि म्हटलं, "बस पोरी, सासू सांगते."

आपला तोताराम हसला, "माय, खुर्ची कोनी शे? सासूनी का वहूनी?"

मी म्हटलं, "गावनी शे!" गावाची खुर्ची, ना सासूची ना सुनेची.

बठ्ठ्या, अगदी सगळ्या बाया हसल्या. तुझ्या जन्मानंतर एवढी मी कधी हरखले नव्हते.

ती न वाचता सही करीना, म्हणून आता तू धुळ्याहून राजीनाम्याचा कागद धाडलास. उद्या सही नसेल तर दोन्ही लेकरं घेऊन जाईन म्हणतोस. कालपासून ती जेवली नाही, लेकरांना सोडत नाही. बाबा, असं करू नको रे. आईने पडू नये, तरी तुझ्या पाया पडते.

हे पत्र टाकत नाही. पाया पडलेली आई पाहून तू आणखी ताठ होशील. घर माझ्या नावावर आहे. उद्या तू आलास की म्हणेन, लेकरं आणि त्यांची आई इथेच राहतील, जायचं तर तू जा. पोटच्या पोराला हे सांगायला जीभ उचलेल का, ठाऊक नाही. म्हणून आधी लिहून पाहिलं.

तुझी आई, प्रमिलाची सासू,
भिकुबाई